की-बोर्ड माझा, माउस दादाचा

४ ऑक्टो., शनिवार
टोमॅटोच्या रोपांचे ट्रे भरता भरता मोबाइलवर दिसलं. आपला 'किल्ला' परत आलाय. रीमास्टर म्हणे, म्हणजे तोच गेम, नव्यानं घासूनपुसून. खरं नाव लांबलचक इंग्रजी, ते आमच्या घरात कुणी कधी घेतलंच नाही. पहिल्या चित्रात किल्ला म्हणून 'किल्ला'. तलवारवाला एक माणूस, गावोगाव हिंडायचं, लोकांची कामं करायची, ताकद वाढवत न्यायची. घोडेगावचा कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा आप्पांनी तिथला एक जुना कॉम्प्युटर शिनोलीला घरी आणला, त्याच्या पोटात हा निघाला. मग मी आणि दादा दुसरं काही केलं नाही. शेवटचा दगडी पूल तेवढा ओलांडायचा राहिला आणि माझं लग्न ठरलं.
ह्यांना दाखवलं. नवरोबा म्हणाले, "जुन्या ट्रॅक्टरला रंग मारून इकत्यात, त्यातला परकार."
असेलही. दादाला विचारलं असतं. पण बोलणं बंद.

५ ऑक्टो.
बोलणं बंद होण्याचं कारण लिहून ठेवते, म्हणजे म्हातारपणी वाचून लाज वाटेल. दादाच्या नव्या घराची वास्तुशांत. त्याच्या साडूला पूर्ण पोशाख, आणि आमच्या ह्यांना टॉवेल-टोपी. हे म्हणाले, "मला काय फरक पडतोय." आठवडाभर रोज म्हणाले. मग मी फोन केला. दादा म्हणाला, "घाईत पिशव्या बदलल्या, आता काय गावजेवण घालू?" मी म्हणाले घाल. त्यानं फोन ठेवला. राखी कुरियरनं पाठवली, पोचली एवढं कळलं.
आता भाऊबीज तोंडावर आलीय. येणार की नाही, त्याला माहीत. मी विचारणार नाही. माझंही रक्त त्याच आप्पांचं.

६ ऑक्टो., सोमवार
घ्यावा की न घ्यावा. नेटवर लोकांची जुंपलीय. निम्मे म्हणतात जुना असेल तर नवा कशाला. निम्मे म्हणतात जुना आताच्या मशीनवर चालतच नाही, मग काय पूजा करायची त्याची? एक जण लिहितो, गवत लई भारी केलंय. गवत बघायला पैसे का द्यायचे, आमच्या कांद्यात फुकट आहे.
घेतला. ह्यांना सांगितलं नर्सरीच्या कामाचं काहीतरी डाउनलोड होतंय. दिवसभर होत होतं.

९ ऑक्टो., गुरुवार
फजिती.
मला खेळताच येत नाही.
माणूस चालतो. उडी मारतो, पिशवी उघडतो, औषध पितो. डाव्या हाताला सगळं जसंच्या तसं आठवतंय. पण त्याची नजर आभाळाकडं. माउस हलवला की गर्रकन फिरतो आणि विहिरीत जातो. चार वेळा तीच विहीर.
मग लक्षात आलं. आम्ही हा गेम दोघांनी मिळून खेळायचो. की-बोर्ड माझा, माउस दादाचा. मी चालायचे, तो बघायचा आणि तलवार मारायचा. "डावीकडं, मने, डावीकडं," असं सारखं चालू. हा एकट्यानं खेळायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. घरात सायकल एक, चादर एक, तसा गेम एक, मग माणूसही अर्धा अर्धा.
हे दारात उभे राहून बघत होते. "एका गाडीला दोन डायवर व्हते व्हय तुमचे?" हसून हसून ठसका लागला त्यांना. पाणी दिलं नाही.

१३ ऑक्टो.
ह्यांना माउसवर बसवलं. माझी चूक. प्रत्येक माणसाशी थांबून बोलतात. "एवढा समोर आलाय, राम राम नको करायला?" चोर समोर आला तरी मारेनात, म्हणे गरीब दिसतोय. मग घाबरून मारलं ते नेमकं लोहाराच्या शेळीला. अख्खं गाव आमच्या मागं. मी पळवतेय आणि हे मागं वळून बघतायत कोण कोण आलंय.
गेमबद्दलही लिहायला हवं. सुधारलाय यात वाद नाही. पाणी चमकतं, घोडा घोड्यासारखा दिसतो, जुना सारखा अडकायचा तसा अडकत नाही. पण लोहाराला पूर्वी तोंडच नव्हतं, नुसते चारसहा चौकोन, त्यामुळं तो आमचा पिंपळगावचा मामा होता. आता त्याला नाकडोळे आलेत आणि तो कुणीतरी परका आहे. जुन्यात धुकं होतं, भूत एकदम अंगावर यायचं. आता लांबूनच दिसतं, सावकाश, पाहुण्यासारखं येतं. भिऊ तरी कसं?
तीन स्टार. द्यायला गेले तर लॉगिन मागितलं. राहू दे.

१६ ऑक्टो., गुरुवार
वहिनीचा फोन. कांद्याचं रोप शिल्लक आहे का म्हणून. त्यांनी कांदा लावला कधी? मी आहे म्हणाले. मग हळूच म्हणाली,
"ताई, एक इचारू? तुमच्या दादानं त्यो गेम घेतलाय."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"दुपारी दुकान बंद करून बसत्यात. लोकांच्या पान्याच्या मोटारी रिवाइंडिंगला पडल्यात तशाच. पन त्यांचा मानूस चालतच न्हाई ओ. जागच्या जागी हुबा. नुसता चारी बाजूला बघतोय, आन मदीच तलवार फिरवतोय. बिघडलाय का वो?"
मी ट्रेच्या ढिगावरच बसले. आधी हसले, मग डोळे पुसले. माझा माणूस विहिरीत आणि त्याचा वेशीत उभा. त्याच्या डाव्या हाताला काहीसुद्धा येत नाही, कारण डावा हात मी होते. दादाची आठवण आली, सरळ सांगते, खूप आली.
"भाऊबीजेला येतोय का?" तोंडातून गेलंच.
"म्हनत्यात, तिनं बोलवावं."
भाऊबीजेला भावानं बहिणीकडं यायचं असतं, त्याला आमंत्रण द्यायचं असतं का? तसंच सांगितलं. वहिनी म्हणाली, "दोघं बी सारखेच," आणि फोन ठेवला. रोपाचं राहिलंच.

१९ ऑक्टो., रविवार
ह्यांना सांगितलं. मला वाटलं हसतील. जेवताना मधेच विचारतात, "हुबाच हाय म्हंजे? पाऊस-बिऊस येतो का तिथं?" येतो म्हणाले. "मग वाईट हाय राव." आणि भाकरी मोडत बसले.
संध्याकाळी दादाला मेसेज केला. वास्तुशांतीनंतर पहिलाच. 'चालायला डब्ल्यू दाब.' बाकी काही नाही, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा नाही.

२० ऑक्टो.
उत्तर आलं. 'माहितीये. बोटं ऐकत न्हाईत.'
थोड्या वेळानं आणखी एक. 'तुझा कुठंपर्यंत गेला?'
विहिरीचं सांगितलं नाही. 'चाललाय' एवढंच लिहिलं.

२२ ऑक्टो., पाडवा
ह्यांना ओवाळलं. करंज्या जरा जास्तच झाल्या. हे म्हणाले, "एवढ्या कुनाला?" मी म्हणाले नर्सरीतल्या बायकांना. "आला तर आला," म्हणाले आणि अंगणातली मोटारसायकल बाजूला लावली. म्हणजे दुसरी लावायला जागा.

२३ ऑक्टो., भाऊबीज
आला. एकटाच. बारीक झालाय, केस पुढून गेलेत. हातात प्लॅस्टिकची पिशवी. ह्यांची नजर पिशवीवर, माझीही. पोशाख असेल असं दोघांनाही वाटलं. निघाला माउस. वायरवाला, पिवळा पडलेला.
"दुसरा हाताला बसत न्हाई," म्हणाला.
ओवाळलं. तबकात काय टाकलं ते बघितलं नाही. जेवायच्या आधीच बसलो. मी डावीकडं, तो उजवीकडं, एका खुर्चीवर मावेना म्हणून हे बाकडं घेऊन आले आणि मागं उभे राहिले. माणूस विहिरीतून निघाला, गावातून गेला, शेळीवाले मागं लागले. दादा म्हणाला, "ही शेळी कुनी मारली?" हे पाणी आणायला आत गेले. "डावीकडं, मने." डावीकडं. चाळिशी उलटली आमची, पण चुकलो नाही कुठं.
"गेम दोन घेतले आपन," दादा म्हणाला. "एक वाया गेला."
"कुणाचा?"
"तुझा. माझ्याकडं माउस चांगला हाय."
पुलाच्या अलीकडं ह्यांनी लाइट गेल्यासारखं अचानक "जेवण" म्हटलं. जेवलो. पुलाचं तसंच राहिलं. त्याला दिवेलागणीच्या आत परतायचं होतं.
मोटारसायकलला किक मारायच्या आधी ह्यांच्याकडं न बघता म्हणाला, "पावनं, शिनोलीला या आता. दोघं बी."
हे म्हणाले, "बघू."
ह्यांचं 'बघू' म्हणजे हो की नाही, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नाही. टॉवेल-टोपीचा विषय निघाला नाही, मिटलाही नाही. दादा वळणापर्यंत गेला आणि मग मला टेबलावर पिशवी दिसली. माउस इथंच. विसरला की ठेवला, माहीत नाही. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मारली नाही.