घरचा जोड

आई, आज दुपारपासून तुझ्या नातीची बॅग भरतेय. भरतेय म्हणजे ती भरते आणि मी काढते. तू तिला पाहिलंच नाहीस, म्हणून सांगते. उंचीला माझ्याहून जास्त आणि बोलण्यात कुणाला हार जायची नाही. उद्या सकाळी पुण्याला निघाली, कॉलेजच्या हॉस्टेलवर. वरंध घाट बंद आहे, म्हणजे माणगावावरून वळसा घेऊन जाणार. इथे पोलादपुरात उन्हाचा पत्ता नाही. घरभर दोऱ्या बांधल्यात, पंख्याखाली जीन्स, खुर्च्यांवर कुडते, आणि ऑफिसातून अर्ध्या रजेने आल्यापासून मी इस्त्री फिरवून फिरवून एकेक कपडा वाळवतेय. हात भरून आलेत. कंटाळा आलाय गं, खरं सांगते, आणि तो काही कपड्यांचा नाही.

तुझी कापडाची परीक्षा मला अजून पाठ आहे. रंग बघून, किंमत बघून तू कपडा कधी निवडला नाहीस. पदराला हात पुसायचीस, कापड मुठीत धरून पिळायचीस आणि निकाल द्यायचीस, हे वाळंल, हे नाय वाळायचं. कापडे गावाच्या वर आपल्या वाडीत पावसाळ्यात दुसरं काय बघणार म्हणा. मी महाडच्या कॉलेजला राहायला निघाले तेव्हा माझी पत्र्याची पेटी तू अशीच भरलीस. सगळं टेरिकॉट आणि नायलॉन, सुती नावाला नाही. आज मीही तेच करायला गेले. तिची जाडजूड हुडी मुठीत धरली आणि म्हटलं, ही काही वाळायची नाही. ती हसली. म्हणाली, ‘‘मम्मी, पुण्यात ऊन असतं.’’ बरोबर आहे तिचं. हुडी मी गपचूप परत ठेवली.

आपल्याकडे मुंबईला असलेल्या प्रत्येक माणसाचा कपड्यांचा एक जोड घरी असायचा. एसटी खाली रस्त्यावर सोडायची, तिथून वाडीपर्यंत चढण, त्यामुळे गणपतीला येणारा माणूस दारात उभा राहायचा तो निथळतच. म्हणून दादांचा लेंगा-सदरा चुलीवर टांगलेल्या वलणीवर, धुरात, बारा महिने. ते महिनोन् महिने येत नसत, तरी तू तो जोड काढायचीस, झटकायचीस, पुन्हा टाकायचीस. शेजारच्या काकी चिडवायच्या, आज धनी येतायत वाटतं. तू एकदाच त्यांना म्हणालीस, ‘‘जोड घरात हाय म्हंजे मानूस घरात हाय.’’ काकींच्याही वलणीवर एक जोड होताच.

मी निघाले त्या दिवशी माझा अबोली रंगाचा ड्रेस पेटीत नव्हता. मामाने दिलेला. कॉलेजात पहिल्या दिवशी तोच घालायचा, हे मी सगळ्या वाडीला सांगून ठेवलेलं. तू पाठमोरी भाकरी थापत होतीस. ‘‘वाळला नाय गो अजून,’’ म्हणालीस. ‘‘ऱ्हाऊ दे हितंच. गणपतीला आलीस का घाल.’’ मी रडले, आदळआपट केली, पण ओलं कापड पेटीत घालायचं नाही हे तूच शिकवलेलं, म्हणून पेटी तशीच उचलली. गणपतीला आले ती चिंब भिजून. वलणीवर तो ड्रेस होता, कोमट, धुराचा वास येणारा. तो घातला आणि जेवायला बसले, तर ताटावरच डोळे मिटायला लागले. पुढे मीच तो कधी महाडला नेला नाही.

तू गेलीस, त्यानंतरच्या पावसाळ्यात मी अशीच भिजून घरी गेले होते. वहिनीने टॉवेल दिला, स्वतःची साडी दिली, आल्याचा चहा दिला. ती वाईट वागली असं नाही हं. पण गॅस आला होता, चूल मोडली होती, आणि वलणीची काठीसुद्धा काढून टाकलेली. परक्या साडीत मी ओसरीवर बसून राहिले. माहेर संपलं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. नंतर मी तिथे मुक्कामाला गेले नाही.

आता संध्याकाळ झालीय. कपाट उघडलं तर तिचा कप्पा मोकळा, नुसते हँगर. सगळं भरलंय पोरीने, झोपताना घालायचा फाटका टी-शर्टसुद्धा. सुट्टीत येईनच की, म्हणते. सुट्टीत कसलासा कोर्स आहे, तेही तिनेच मागे सांगितलंय. ती मैत्रिणीला भेटायला खाली गेली तेव्हा मी बॅगेतून तिचा आवडता जांभळा कुडता काढला आणि सवयीने मुठीत धरला. ठणठणीत कोरडा. कालच इस्त्री केलीय मी त्याला. आणि तेव्हा लक्षात आलं, आई. माझा तो अबोली ड्रेस टेरिकॉटचा होता. चुलीवर तासाभरात वाळणारा.

इतकी वर्षं मी तुझ्यावर विश्वास ठेवून होते!

कुडता बाल्कनीतल्या दोरीवर टाकलाय. सकाळी ती विचारणार, आणि वाळला नाही गं, असं मी म्हणणार, ओट्याकडे तोंड करून. हे पत्र तिच्या रिकाम्या कप्प्यात, खाली अंथरलेल्या पेपराखाली राहील. आणखी कुठे टाकू? फक्त एक सांगायचं राहिलं. कुडत्यावर मी वाटीभर पाणी शिंपडलंय. तुझ्याइतकं सराईत खोटं मला नाही जमत.