खिडकीकडची जागा

मस्तगड, जालना
होळीनंतरचा सोमवार

ती. झुंबरअक्काला धाकट्या नंदाचा नमस्कार.

आम्ही कमरोद्दीनभाईंच्या घरी सुखरूप आहोत. हे जेवून राह्यले बराबर. एस.टी.ची ड्रायव्हरकी सुटल्यापासून उडालेली झोप तेवढी अजून आली न्हाई. तू घोर करू नको. तुझा गुडघा कसा आहे? शेवया झाल्या का वाळवून?

काल भाईंच्या लेकीला भेटायला भोकरदनला गेल्तो. ह्यांच्याच जुन्या रूटची गाडी. हे पहिल्यांदाच पॅसेंजर होऊन खिडकीला बसले, पण वळण आलं की पाय खाली दाबायचे. भाई ह्यांचे जुने कंडक्टर, ते हसून म्हणले, "उस्ताद, आता तरी ब्रेक सोडा!"

मंग पळस लागला. अक्का, काय सांगू! पान एक न्हाई, नुसती फुलं. केशरी लुगड्यातल्या बाया लग्नाला दाटीनं बसाव्यात, तसं सगळं रान. हे खिडकीच्या गजाला कपाळ लावून बसले.

"नंदा, हे इथं कवापासून हाय?"

"झाडं तर जुनीच दिसून राह्यली," मी म्हणले.

"मला रस्ताच दिसायचा गं," हे म्हणले.

परतताना पुन्हा पळस आला, म्हणून दाखवायला वळले, तर ह्यांची मान माझ्या खांद्यावर. ज्या रस्त्यावर उभ्या जन्मात डुलकी घेतली न्हाई, तिथंच झोपले होते. वळणं आली, पाय बिलकुल हलला न्हाई. भरल्या गाडीत मी लाजले न्हाई अक्का, खांदाही हलू दिला न्हाई.

जालना येईस्तोवर रस्ता मीच पाहत बसले.

तुझी,
नंदा