मानाचं इंजेक्शन

भिवंडी,
१४ मे २००६

तीर्थस्वरूप प्रमोदिनीताईस,

एका हाताने जमेल तेवढा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भावजींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो.

माझी तक्रार गंभीर आहे. या देशाने अणुबॉम्ब केला, पण एका हाताने बांधता येईल अशी पायजम्याची नाडी केली नाही. डावं मनगट प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाने अब्रू राखायची कशी, याचा विचार कुठल्याही आयोगाने केलेला नाही.

मनगट मोडलं ते शेजारच्या केसरीनाथ पाटलांच्या करिष्माच्या हळदीत. (तेच ते, राहनाळला ज्यांची गोदामं आहेत.) बेंजो सुरू झाला, त्यांनी मला नाचायला ओढलं, ताडपत्रीवर हळद-तेलाचा राडा झालेला, आणि आम्ही जोडीने आडवे झालो. माझं मनगट, त्यांचा घोटा. दोन्हीकडे हाड चिरलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न, आणि त्यात मी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणणार, असा शब्द करिष्माला ती माझ्या वर्गात होती तेव्हापासून दिलेला.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकच सांगितलं: साध्या दोन गोळ्या एकत्र घ्या, तासा-दोन तासांत दुखणं अफूच्या जातीच्या इंजेक्शनाइतकंच उतरेल, इंजेक्शनाने मळमळ आणि गुंगी तेवढी जास्त. केसरीनाथ म्हणाले, "गोल्याच द्या. झोप येल आसा काय नको, उद्या पोरीचा लगीन हाय." बाईंनी त्यांच्या पोटाची, किडनीची चौकशी करून गोळ्या दिल्या. पण मी हायस्कुलात मराठी शिकवणारा माणूस. डोकं दुखलं की घेतो तीच गोळी मोडलेल्या हाडाला? माझ्या पोटाला गोळ्या सोसत नाहीत अशी थाप मारून मी इंजेक्शन पदरात पाडून घेतलं. निघताना त्याच जातीच्या कॅप्सूलही. (गोळ्या न सोसणाऱ्याला कॅप्सूल कशा सोसतात, असं बाईंनी विचारलं. मी कण्हलो.)

तासाभराने पाहतो तो दोघांचं दुखणं सारखंच उतरलेलं. केसरीनाथ चहा पीत मांडववाल्याला फोनवर शिव्या घालत होते, आणि मी बादलीत डोकं घालून होतो. बादली त्यांनीच धरली होती. "मास्तर, तुमची दवा लय भारी हाय हां!" तरी सकाळी मी कॅप्सूल घेतलीच. मानाचा प्रश्न होता.

मांडवात केसरीनाथांनी पाय स्टुलावर ठेवून, डोळे टक्क उघडे ठेवून लेक दिली. मी माईक घेतला, पहिली ओळ म्हटली आणि खुर्चीत टेकलो. पुढचं लोकांकडून कळलं. माझं घोरणं म्हणे कर्ण्यांवरून पार पडघा गावापर्यंत गेलं आणि भटजींनी त्यातच "सावधान" उरकून घेतलं. अंतरपाटाआड करिष्मा आधी हसली, मग रडली, असं तिची आई गुणाबाई सांगते.

तुझा,
अवधूत

ता. क. भावजींच्या ऑपरेशनातल्या उरलेल्या जोरदार गोळ्या फोनवर मागितल्या होत्या, त्या पाठवू नकोस. मी आता केसरीनाथांच्याच गोळ्यांवर आहे. (बाईंना विचारून. पोटाची थाप मागे घ्यावी लागली.) त्याऐवजी इलॅस्टिकचा पायजमा धाड. खरं तर पत्र त्यासाठीच आहे.

ता. ता. क. करिष्मा आज नवऱ्याबरोबर माहेरी आली. मी पलीकडे गेलो. माझी नाडी केसरीनाथांनी बांधून दिली, जावयासमोर. मग त्यांच्या प्लास्टरशेजारी उभा राहून मी सगळी मंगलाष्टकं म्हटली. माईक नव्हता. ती शेवटच्या ओळीपर्यंत हात जोडून उभी होती.