हाताला हात

डिंडोली, सुरत
१२ मे १९९६

ती. मायला कोकिळाचा नमस्कार. लोटूभाऊने हे हळू वाचून दाखवावं, बाबांना ऐकू जाऊ नये.

आम्ही खुशाल आहोत. भाड्याची खोली सुटली, आता स्वतःची घेतली. नळ दारातच आहे, पाण्याची काळजी करू नकोस.

पण कागदावर नाव ह्यांचं आणि धाकट्या दिराचं. माझं नाही! साड्यांवर टिकल्या चिकटवून मीही कमावलंच ना? विचारलं तर म्हणे, "मनं तेच तुनं." माझं ते तुझंच, तर मग हेच दिराला सांगून भागलं नसतं? तो तर काल पहिल्यांदा सुरतेला आला, वास्तूच्या पूजेला.

पूजेत भटजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." मी पदराखालून हात काढलाच नाही. म्हटलं, "भागीदार शेजारीच बसलेत, त्यांचा लावा." पूजा अर्ध्यातच राहिली.

हे कालपासून बोलत नाहीत. जेवतात मात्र माझ्याच हातचं.

तुझे गुडघे कसे आहेत? शेवग्याला शेंगा लागल्या का?

भटजी पुढच्या सोमवारी पुन्हा येणार आहेत. तोवर कागद बदलला तर ठीक, नाहीतर माझा हात पदराखालीच राहील. तू मात्र जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझीच,
कोकिळा