मेश्रामबाईचा खड्डा

१२ ऑगस्ट २०१३, सोमवार
खड्ड्याला पुन्हा आंबूस वास. गल्लीतली दहा-बारा घरं ओला कचरा टाकतात, पण कचरा कसला, नुसता भात! दोन्ही वेळचा उरलेला, वर बादलीभर पेज. गोंदियात दुसरं उरणार तरी काय. सालं टाका, देठं टाका सांगून घसा बसला. हे म्हणाले, "खत कुठलं, तू तर आंबील करून राहिली." फार राग आला. खरं होतं म्हणून जास्तच.
आधी या मोकळ्या प्लॉटवर उकिरडा होता, डुकरं लोळायची. मालक नागपूरला, फोनवर "वापरा" म्हणाला म्हणून खड्डा तरी झाला. पण ती डुकरं आता कोणालाच आठवत नाहीत.

६ सप्टेंबर, पोळ्याचा दुसरा दिवस
आज नारबोद. सकाळी या नारबोदबाईचा पुतळा गावाबाहेर नेतात, इडापिडा ओरडून तिच्यासोबत धाडतात. आम्हा बौद्धांच्या घरी हे नसतं, पण ऐकायला मजा येते म्हणून दरवर्षी फाटकात उभी राहते. खोकला, ताप, मच्छर, सगळ्यांची नावं झाली. मग समोरचे पाटलेभाऊ (यापुढे नुसतं पा.) बेंबीच्या देठापासून ओरडले, "मेश्रामबाईचा खड्डा घेऊन जा री नारबोद!"
गल्ली खो-खो हसली. मीही हसले. आत येऊन रडले.

८ सप्टें.
पा. दारात. "बाई, काऊन हे लचांड आणून ठेवलं? वास येऊन राहिला. दिवाळीले पोरीले पाहायले पाव्हणे येतेत. तोवर नाही सुधरलं त मुरूम टाकून बुजवतो मी." चहाही घेतला नाही.

१५ सप्टें.
मागच्या तिवारी भाभी म्हणाल्या, "दीदी, राख डालो, बास गायब." राईस मिलची राखड, आम्ही भांडी घासतो तीच. दोघींनी पोती आणून ओतली. वास खरंच गेला! जिंकलो.

६ ऑक्टो.
जिंकलो कसलं. उकरून पाहिलं तर राखड भिजून गच्च बसलेली. खाली भात तसाच, शीत न् शीत वेगळं. एक किडा नाही. भाभींनी एक शीत चिमटीत दाबून पाहिलं. "न सड़ा, न बना."
दिवाळी तोंडावर. सोडून द्यावं का? सोडलं की डुकरं परत. आणि पुढच्या नारबोदला गल्ली काय ओरडेल
नाही. नाही सोडणार.

९ ऑक्टो.
धाकटा भाऊ दिनेश सौंदडहून टेम्पोत धानाचं तणस घेऊन आला. जयभीम झाल्याबरोबर सुरू, "ताई, कचऱ्याले तणस? नवं धान निघाचं आहे अजून. म्हशीच्या तोंडचा घास काढून आणलो." बडबडला, पण उतरवून दिलं. भाभी आणि मी राखड उपसली. मग थर. तणस, भात, तणस. पेजेसाठी फाटकाला वेगळी बादली, गवळी म्हशींना नेतो. कंबर मोडली. झोप छान येणार.

३० ऑक्टो.
हात घातला. गरम! वास आहे, पण धानाच्या बांधीतल्या ओल्या मातीचा. भाभींना हाक मारली, दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. पा. आले, वाकले, नाक ओढलं. "हं." एवढंच. मुरूम काही आला नाही.

२२ जून २०१४
पा.नी कढीपत्त्याला घमेलंभर खत नेलं. विचारलं नाही, सरळ नेलं. पोरीचं जमलंय. मला बरं वाटलं, का कोण जाणे.

२० ऑगस्ट
मालकाचा फोन. बंगला बांधणार आहे. ३१ला, रविवारी, मोजणीवाले येतील. जेवण गेलं नाही. भाभींना सांगितलं, त्यांनी गल्लीभर केलं.

२६ ऑगस्ट, नारबोद
फाटकात जायचं नाही असं ठरवलं होतं. पाय गेलेच. ताप झाला, डेंग्यू झाला, लोडशेडिंग झालं. मग पा. माझ्या फाटकासमोर थांबले. मी पदर घट्ट धरला.
"आपल्या खड्ड्यावर बंगला बांधणारा घेऊन जा री नारबोद!"
आपल्या म्हणाले. अख्खी गल्ली ओरडली त्यांच्या मागे. जन्मात कधी नाही, पण मीही ओरडले. हे दारातून बघतच राहिले.
परतताना पा. म्हणाले, "रविवारी मी बोलतो मोजणीवाल्यायले. तुम्ही चहा ठेवजा."