फाटकाबाहेरची खोली

मी, विद्यापीठाच्या फाटकासमोर पदवीदानाचे झगे शिवणारी, आल्यागेल्याची मावशी, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. मन स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो सकाळचा आहे. त्यानंतर समान संधी कक्षाच्या मॅडम धावत आल्या आणि ठराव मंजूर झाल्याचं सांगून गेल्या, तेव्हापासून मन कुठलं स्थिर! दूध उतू गेलं, चष्मा सापडत नव्हता तो डोक्यावरच निघाला. तरी लिहिते आहे ते विचारपूर्वक, हे वकीलबाईंनी ध्यानात घ्यावं.

कलम पहिलं. हे घर माझ्या स्वकष्टाचं आहे. त्यातली मागची खोली माझ्या पश्चात माझ्या भाच्याला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलाला मिळावी. त्याचा डोळा पुढच्या खोलीवर होता, तिथे मोबाइलचं दुकान थाटायचं होतं. त्याने रुसू नये. रुसला तर दोन दिवस रुसू द्यावं, जेवायला बोलावलं की येतो.

कलम दुसरं. शिलाई मशीन आणि मोठी कात्री भाचेसुनेला. त्या कात्रीने कागद कापायचा नाही. मी वर गेले असले तरी मला कळेल.

कलम तिसरं, आणि हेच खरं कलम. पुढची खोली विद्यापीठाला, समान संधी कक्षासाठी.

याचं कारण लिहून ठेवते. ज्यांच्या घरात कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, अशा मुलांना प्रवेशाची, फीमाफीची वाट दाखवायला विद्यापीठाने हा कक्ष काढला. चांगलं केलं. पण काढला फाटकाच्या आत, आणि आत जायला लागतं विद्यापीठाचं ओळखपत्र. आता ज्याला प्रवेशच मिळालेला नाही त्याने ओळखपत्र आणायचं कुठून? पोरं फाटकावरून परत फिरायची आणि समोर याच खोलीत माझं दुकान म्हणून मलाच विचारायची. मला त्यातलं काय कळतंय! मी त्यांच्या हातावर दुरुस्त केलेला एक झगा टाकायचे आणि म्हणायचे, कक्षाच्या शेजारी झग्यांचं भांडार आहे, तिथे हा पोचता कर. झगा नेणाऱ्याला फाटकावर कोणी अडवत नसे. कित्येक जण असे आत गेले. त्यातलीच एक आज कक्षाची मॅडम आहे, हे मी अभिमानाने लिहिते.

फाटकावर वॉचमन माझा धाकटा भाऊच. त्याच्यावर माझा जुना राग आहे. सख्ख्या बहिणीला त्याने कधी कार्डाशिवाय आत सोडलं नाही. "ताई, माझ्या नोकरीवर येईल," एवढंच त्याचं उत्तर.

कलम चौथं. कुलसचिव साहेबांना त्यांचा झगा विनामूल्य सैल करून मिळावा, भाचेसुनेने तेवढं करावं. त्यांच्यावरचा राग मी आज सोडला. विद्यापीठात कोणाला डावललं जातं ते तपासणाऱ्या विषमता समितीने मला परिसराची प्रतिनिधी म्हणून बोलावलं होतं. तिथे ते म्हणाले, आमचं दार सगळ्यांना उघडंच आहे. मी म्हटलं, उद्या गाडी न घेता, कार्ड न घेता, चालत येऊन दाखवा. माणूस शब्दाचा पक्का निघाला, आला. भावाने हात आडवा केला. "कार्ड दाखवा साहेब. नियम सगळ्यांना सारखा."

साहेबांना तो रोज सलाम ठोकतो. ओळखलं नाही असं कसं होईल? निवृत्तीला थोडे दिवस उरलेले, जन्मभर नोकरीला जपलेला माणूस, पण हात खाली घेतला नाही. साहेब उन्हात घामाघूम होऊन शेवटी माझ्या दुकानात आले. मी त्यांच्या हातावर झगा टाकला आणि ते आत गेले. कक्ष फाटकाबाहेर आणायचा आजचा ठराव त्यांनीच मांडला.

कलम पाचवं. पुढच्या खोलीचं दार रस्त्यावर उघडतं, ते तसंच राहील. सोमवारपासून कक्ष तिथे बसेल, मी असेपर्यंत आणि मी गेल्यावरही. संध्याकाळी कामावरून सुटलेल्यांनाही तो उघडा मिळाला पाहिजे. आत येणाऱ्याला कोणीही कार्ड विचारायचं नाही. विचारलं, तर त्या दिवसापासून खोली भाच्याच्या दुकानाला. बँकेत उरेल ते बाकं आणि पंख्यासाठी.

कलम सहावं. भाऊ साक्षीदार असल्यामुळे त्याला काही ठेवता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. बरं, ठेवत नाही. फक्त काम सांगते. खोलीची किल्ली त्याच्याकडे राहील. दार रोज त्याने उघडायचं.

हे त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "ताई, आता तरी तुझ्या घरात कार्डाशिवाय येऊ ना?" मी म्हटलं, आधी सही कर.

लिहून देणार: झगेवाली मावशी (सही)

साक्षीदार:
१. समान संधी कक्षाच्या मॅडम, झगा घेऊन आत गेलेल्या (सही)
२. धाकटा भाऊ. व्यवसाय: ~~वॉचमन~~ दार उघडणे. (खाडाखोड माझ्याच हातची. सही)

स्थळ: पुढची खोली, दार उघडं ठेवून
दिनांक: ठराव झाला तोच दिवस