उत्तरेचा काठ

सोमवार, १२ मे
पुन्हा तेच! मारातची पाणीपातळीची महिन्याची सरासरी माझ्यापेक्षा वीस सेंटिमीटर जास्त. कझाकस्तानातलं ते खारट तळं सगळं मिळून मीटरभर खोल नाही. त्यात वीस सेंटिमीटर म्हणजे काय चेष्टा आहे? मी इथे जर्मनीत, गार्चिंगमध्ये बसून सहा वर्षांचे उपग्रहाचे फोटो तपासलेत. जुन्या नकाशापेक्षा उत्तरेचा काठ दोन किलोमीटर आत सरकलाय — नुसता चिखल आणि मीठ. आणि हा गृहस्थ रोज काठावरची पट्टी वाचून कळवतो, तळं ठीक आहे. घरबसल्या आकडे लिहीत असणार!

बुधवार, १४ मे
प्रोफेसर त्यांच्या नेहमीच्या जर्मन 'आल्झो'ने, म्हणजे 'तर मग'ने, सुरुवात करून म्हणाले, दोघांपैकी कोणाचं धरायचं ते तूच लिही. शुक्रवारी अहवाल जायचाय. तळं आटतंय असं ठरलं तर कालवा काढून नदीचं पाणी आत सोडणार. मारातचा विरोध. गोड पाण्याने मीठ जाईल, बोरूचं उंच गवत माजेल, पक्षी येणार नाहीत. हे तळं मधूनमधून कोरडं पडतंच, म्हणतो, पडू द्या.
पडू द्या म्हणे!

गुरुवार, १५ मे
जेवताना मी मारातवर तणतणत होते. बाबा, म्हणजे माझे सासरे, तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. शांतपणे म्हणाले, "नंदिनी, फोटो काढले तेव्हा वारा कुठला होता?"
मी म्हटलं, अहो बाबा, मी पाणी मोजते. रोहन गालात हसला. नवऱ्याचाही राग आला.

शुक्रवार, १६ मे
अहवाल पाठवला. मारातचे आकडे 'अविश्वासार्ह' म्हणून वगळले. बरं वाटलं.

सोमवार, २६ मे
मारातला कामावरून काढलं. त्याने उत्तरादाखल वहीच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवलेत. उघडलेसुद्धा नाहीत.

मंगळवार, ३ जून
बाबांचा लेंगा पुन्हा खालच्या बाईंच्या बाल्कनीत! तिसऱ्यांदा. मलाच जाऊन माफी मागावी लागली. बाबांचं आपलं एकच, "तुमच्याकडे आभाळ स्वच्छ झालं की वारा सुटतोच." घरात वाळवा म्हटलं आणि मी चिडूनच ऑफिसला गेले.

बुधवार, ४ जून
मारातची वही उघडली. शेवटचा रकाना वाऱ्याचा आहे.
ढगाळ दिवसांचे फोटो मी टाकून देते, सगळेच देतात. उरले त्र्याण्णव स्वच्छ दिवस. त्यातल्या एक्क्याऐंशी दिवशी उत्तरेचा जोरदार वारा. पाणी दक्षिणेकडे ढकललेलं, बोरूच्या आत, जिथे उपग्रहाला दिसत नाही. ढगाळ दिवशी वारा पडतो आणि पाणी उत्तरेला परत येतं; ते दिवस फक्त मारातच्या वहीत आहेत.
कालव्याला काल मंजुरी मिळाली. प्रोफेसरांना लिहिलं, चुकीचे आकडे माझे होते.